पाहुणीला पात मोकळी

आमच्या सिद्धोधनाच्या हातात एकदा माईक गेला, की तो परत मिळायला गावची लाइट जावी लागते. हा माझा सख्खा दीर. जिल्हा परिषदेच्या शाळेत बत्तीस वर्षं मास्तर होता. रिटायर होऊन तीन वर्षं झाली, पण त्याचा तास काही सुटला नाही. जयंती असो, बारसं असो, नाहीतर पाण्याच्या टाकीचं उद्घाटन, जाकीट घालून हा सगळ्यांच्या आधी उभा.

गेल्या वर्षी सावित्रीबाईंच्या जयंतीला परभणीहून डोळ्यांची डॉक्टरीण आली होती. तिची ओळख करून द्यायला सिद्धोधन उठला आणि पन्नास मिनिटं उठलेलाच राहिला. त्यातली निम्मी स्वतःच्या बदल्यांची. कोणत्या गावाला कोणत्या सालात गेला, तिथं पटसंख्या किती होती, साहेबांनी पाठ कशी थोपटली. मग खिशातून कागद काढून त्या बाईंनी लाळ-खुरकुतावर केवढं मोठं काम केलं ते वाचून दाखवलं. कागद आदल्या साली आलेल्या जनावरांच्या डॉक्टरचा होता. नाव तेवढं खोडून वर नवं लिहिलेलं. पुढं बसलेल्या बायांनी पदर तोंडात कोंबले. डॉक्टरीण भली, ती हसून सहा मिनिटं बोलली आणि गाडी धरायला निघून गेली. आमच्या टोळीतल्या कुसुमच्या डोळ्यात पडदा वाढत होता. ती विचारायला म्हणून सकाळपासून पुढं बसली होती, तशीच घरी गेली.

दोष थोडा माझाही आहे. मी लग्न होऊन ह्या घरात आले तेव्हा सिद्धोधन सहा वर्षांचा होता. नाक गळायचं आणि तोंडातून शब्द निघायचा नाही. सासू अंथरुणाला खिळलेली. मी दिवसभर लोकांच्या वावरात खुरपून यायचे, भाकरी थापायचे आणि त्याला चुलीपुढं बसवून म्हणायचे, मोठ्यानं वाच, मला ऐकू आलं पाहिजे. त्याला मोठ्यानं बोलायची सवय मीच लावली. थांबायची लावायला मात्र विसरले.

औंदा ही सवय आम्हाला महागात पडणार होती.

मी सुलाबाई, तीस वर्षांपासून बायांच्या टोळीची मुकादमीण. बावीस बाया. पेडगावच्या शिवारापासून आमच्या कालव्यापर्यंत कोणाचंही खुरपण असो, आधी माणूस माझ्या दारात यायचं. औंदा श्रावण गेला, भादवा गेला, दारात कोणी आलं नाही. पाठीला पंप बांधून चार गडी यायचे आणि आमचं अकरा दिवसांचं काम एका दिवसात फवारून जायचे. तण पिवळं पडायचं आणि आम्ही बांधावरून बघायचो. खुरपी खुंटीला लटकून गंजली. सात बाया परभणीला बांधकामावर जाऊ लागल्या, डोक्यावर वाळूची घमेली घेऊन. धुरपताबाईचं वय पासष्ट. तिला तिथं कोणी घेईना. ती रोज सकाळी खुरपं घासून ठेवायची आणि ओट्यावर बसून राहायची.

माझी सून मनिषा बीएपर्यंत शिकलेली. बचत गटाच्या कामानं ती बोरीला एका मेळाव्याला गेली होती. तिथं शेतकी कॉलेजातल्या सविताबाई बोलल्या. उन्हाळ्यात सोयाबीन घ्यायचं, ते तेलाला नाही, बियाण्याला. बियाण्याच्या वावरात दुसऱ्या वाणाचं एक झाड राहिलं तरी माल नापास. तण फवारून जातं, पण भेसळीचं झाड फवारून जात नाही. ते डोळ्यानं ओळखून हातानंच उपटावं लागतं. हे मनिषानं मला भाकरी करता करता सांगितलं आणि माझी भाकरी तव्यावर करपली.

जमीन कुठली, तर आबासाहेबांची. कालव्याला लागून सहा एकर, दर उन्हाळ्यात पडीक. मी आणि मनिषा त्यांच्या गोठ्यावर गेलो. ते खुर्चीवर बसले होते, आम्ही उभ्या. बोलणं होईस्तोवर पाऊण घंटा आम्ही उभ्याच. ते म्हणाले, बायांच्या ऐकीव गोष्टीवर मी वावर देत नाही. त्या मॅडमला आणा, त्यांच्या तोंडून ऐकतो. पटलं तर बटईनं, पिकाच्या वाट्यावर, देतो. नाही पटलं तर संक्रांतीला उसवाला वावर मागायला येणारच आहे. तुमच्या जयंतीला तीन तारखेला येतो, पण अर्धा घंटा. त्याच्या वर मला फुरसत नाही.

आबासाहेबांचा अर्धा घंटा साऱ्या गावाला ठाऊक आहे. येतात, शाल-नारळ घेतात, फोटो झाला की उठतात. चहा विचारला तर आत्ताच झाला म्हणतात. आमच्या वस्तीतला चहा त्यांना नेहमी आत्ताच झालेला असतो.

म्हणजे सहा एकर आणि बावीस बायांचा उन्हाळा ह्या अर्ध्या घंट्यावर. आणि त्या अर्ध्या घंट्यावर आमचा सिद्धोधन.

मी त्याच्या घरी गेले. त्यानं मला सात पानं दाखवली. वर लाल शाईनं लिहिलं होतं, पाहुण्यांचा परिचय. मी म्हणाले, वाच. त्यानं घसा साफ केला आणि ज्ञानाचा महासागर, विद्येचा हिमालय असं सुरू केलं. दोन पानं झाली तरी ती बाई कुठली, करते काय, आमच्याकडं कशाला येते, ह्यातलं काही निघेना. मी विचारलं, तर म्हणाला, ते त्या स्वतः सांगतीलच की. मी म्हणाले, सिद्धोधन, पाच वाक्यांत उरक. आबासाहेब उठून गेले तर आमचं काम जाईल.

त्यानं पानांची घडी घातली आणि चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं.

"वैनी, सभेचं शास्त्र असतंय. तुमी दुसरी शिकलेल्या, तुमाला त्यातलं काय कळंल?"

त्याची बायको आत भांडी घासत होती, तिचा हात थांबला. मी उठले. वाटेत माझ्या चपलेचा अंगठा तुटला. चपला हातात घेऊन अनवाणी घरी आले. दुसरीच शिकले मी. तिसरीत बसायच्या वयात मी कापूस वेचत होते आणि हा मास्तर झाला तो माझ्या खुरप्याच्या धारेवर झाला. हे मी त्याला बोलले नाही. बोलून दाखवलेलं अन्न पचत नाही.

दुसऱ्या दिवशी मुंजाजीच्या वावरात तूर कापायला गेलो. थोडं काम तुरीचं तेवढं उरलं होतं. दहिवर पडून तुरीच्या फांद्या ओल्या झाल्या होत्या, हात गारठले होते. कुसुमनं आपली नवी सून आणली होती, पहिलाच दिवस. बिचारी डोक्यावरचा पदर सावरत बांधावर उभी होती. आमच्यात रिवाज असा, की नवी बाई आली की मुकादमीण तिला सगळ्यांपुढं उभी करते आणि सांगते. कोणाची, कुठली, हात कशात चालतो, कशात चालत नाही. म्हणजे शेजारची बाई तिला सांभाळून घेते आणि कोणी उगा हसत नाही. मग मुकादमीण तिला पात देते. पात म्हणजे एका बाईच्या वाट्याला आलेल्या ओळी, त्या तिनं शेवटपर्यंत न्यायच्या. पात दिली की मुकादमिणीनं बाजूला व्हायचं. तिच्या पातीत उभं राहिलं तर तिनं कापावं कुठून?

मी म्हणाले, "ही कुसुमची सून, पिंकी. चुडाव्याची. कापसाला हात लय चालतो, तुरीला नवी हाय. धुरपताबाई, तुझ्या उजव्या अंगाला घे." आणि बाजूला सरले.

मनिषा विळा तसाच धरून माझ्याकडं बघत राहिली. मी म्हणाले, काय झालं, चावलं का काही?

"आत्या," ती म्हणाली, "परिचय म्हंजी हाच की."

मी दोन फांद्या कापल्या आणि मग मलाही हसू आलं. तीस वर्षं जे बांधावर करत आले, त्याला सभेचं शास्त्र म्हणतात हे मला ठाऊक नव्हतं.

दिवेलागणीला मनिषानं सविताबाईंना फोन लावला आणि मोठ्या आवाजावर करून माझ्यापुढं धरला. मी जयभीम केला आणि नव्या बाईला विचारते तेच विचारलं. बाई, तुमी कोणाच्या? त्या म्हणाल्या, पूर्णेकडची, माझी आई खुरपायला जायची. मी विचारलं, तुमी गेला का कधी? म्हणाल्या, दहावीपर्यंत दर सुट्टीत. हात चालायचा का? त्यावर त्या मोठ्यानं हसल्या. चालायचा नाही, म्हणाल्या. टोळीत सगळ्यांत मागं मी. एखादं वेगळं रोप दिसलं की बघत बसायचे, म्हणून मुकादमीण मला कडेच्या पातीला टाकायची. मी म्हणाले, मीही टाकलं असतं. शेवटी विचारलं, आमच्याकडं येऊन काय करणार? त्या म्हणाल्या, तुमच्या बायांना जे आधीच येतं ते जमीनवाल्यांना दाखवणार.

मला पाहिजे होती तेवढी ओळख झाली. सिद्धोधनाच्या सात पानांत हे नव्हतं.

आता राहिली शाल. आमच्याकडं सत्कार आधी आणि भाषण मागून. सरपंच, पोलीस पाटील, माजी सरपंच, एकाचं नाव राहिलं तर तो वर्षभर रुसतो. आणि ज्याला शाल मिळाली तो उठून जातो. पाहुणा बोलायला उभा राहतो तेव्हा पुढं रिकाम्या खुर्च्या आणि शेंगांची टरफलं. वावरात आम्ही चहा कधी पाजतो? पात लागल्यावर, म्हणजे ओळ शेवटाला गेल्यावर. आधी पाजला तर बाया बुडाला मुळं फुटल्यासारख्या बसतात. मी सगळ्या शाली आणि नारळ माझ्या लोखंडी पेटीत घातले, कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. आमच्या मालकांना, सितारामला, तेवढं सांगितलं, की सिद्धोधनानं शाली मागितल्या तर पेटी सुलाबाईची आहे म्हणा. ते जन्मात जास्त बोललेले नाहीत. एवढं त्यांना जमण्यासारखं होतं. आणि मनिषानं सगळ्यांशी बोलून पक्कं केलं, की काका प्रस्तावना पाच मिनिटं करतील आणि पाहुणीची ओळख मनिषा करील. काकांनी मान डोलावली. त्या माणसानं मान डोलावली की मला भ्या वाटतं.

तीन तारखेला विहारापुढं मांडव घातला. वारा गार होता, मांडवाचं कापड फडफडत होतं. आम्ही बाया पांढरी लुगडी नेसून खाली सतरंजीवर बसलो. सविताबाई आल्या, बारीक अंगाच्या, खांद्याला पिशवी. वंदना झाली. बरोबर साडेअकराला आबासाहेब आले, खुर्चीवर बसले, दस्तीनं मान पुसली आणि घड्याळ बघितलं.

सिद्धोधन उठला. त्यानं माईकवर दोनदा टिचकी मारली, जाकिटाचा खिसा चाचपला आणि सात पानं बाहेर काढली.

पहिल्या पानावर गावाचा इतिहास निघाला. दुसऱ्यावर निजामाचं राज्य. मनिषा बाजूला चिठ्ठी घेऊन उभी. तिनं दोनदा काका म्हणून बघितलं, त्यानं हातानं थांब केलं. तिसऱ्या पानाला तो आपल्या पहिल्या नेमणुकीच्या गावात पोचला. बारा मिनिटं झाली. आबासाहेबांनी घड्याळ बघितलं, मग टेबलाकडं बघितलं. टेबलावर शाली नव्हत्या. त्यांनी सितारामला खुणेनं विचारलं. मालक म्हणाले, पेटी सुलाबाईची हाय. आबासाहेब अर्धे उठले होते ते परत बसले. तेवढं झालं, पण किती वेळ टिकणार?

धुरपताबाईनं माझ्या पाठीत कोपर खुपसलं. मी उठले. गुडघे कडकड वाजले, ते पुढच्या रांगेला ऐकू गेलं. चालत सिद्धोधनाच्या बाजूला जाऊन उभी राहिले. त्याच्या हातातून माईक ओढून घेणं मला काही अवघड नव्हतं, पण ज्याला आपण वाढवलं त्याच्या हातातून ओढायचं नसतं. मी बांधावर म्हणते तसंच हळू म्हणाले.

"सिद्धोधन, तुझी पात लागली. आता कडंला हो."

हळूच म्हणाले, पण ते माईकमधून साऱ्या वस्तीला ऐकू गेलं. आधी धुरपताबाई हसली, मग बावीस बाया हसल्या, मग गडी. आबासाहेबांच्या मिशा हलल्या. सिद्धोधनाच्या कपाळावर जानेवारीत घाम आला. त्यानं माईक माझ्या हातात ठेवला, पानं गोळा केली आणि मांडवाच्या मागं जाऊन उभा राहिला.

मी माईक मनिषापुढं केला. तिनं मान हलवली. आत्या, तुमीच, म्हणाली.

माईक धरायला थंड लागतो, खुरप्याच्या मुठीसारखा नाही. मग मी समोर बघितलं, तर बांधावर दिसतात त्याच बाया बसलेल्या. म्हणून तसंच बोलले.

"जयभीम. ही सविताबाई. पूर्णेकडची, खुरपणाऱ्या बाईची लेक. ल्हानपणी हिचा हात खुरप्याला लय हळू होता. वेगळं रोप दिसलं की ही तिथंच बघत बसायची, म्हणून मुकादमीण हिला कडंची पात द्यायची. बघून बघून आता ही बियाण्यातली मोठी जाणती झाली. उन्हाळ्यात रिकाम्या वावरात सोयाबीनचं बी कसं घ्यायचं, आन् त्याला आमच्यासारख्या बायांचे डोळे काहून लागतात, ते ही सांगंल. पटलं न्हाई तर हिलाच इचारा, पर उठून जाऊ नका. शाली मागून हायेत. बाई, तुमची पात मोकळी."

आणि सरले. एक मिनिट झालं असेल, नसेल.

सविताबाई उभ्या राहिल्या तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्या म्हणाल्या, आजवर शंभर सभांत माझी ओळख झाली, पण मी हळू खुरपायचे हे कोणी सांगितलं नव्हतं. मग त्यांनी पिशवीतून ताट काढलं. त्यात दोन वाणांचं सोयाबीन मिसळलेलं, मूठभर. म्हणाल्या, ह्यातलं वेगळं काढा. ताट आधी आबासाहेबांपुढं धरलं. त्यांनी चष्मा लावला, दाणे बोटानं इकडं तिकडं केले आणि म्हणाले, सगळं सारखंच तर आहे. ताट सरपंचाकडं गेलं, मग पोलीस पाटलाकडं. मग आमच्या सतरंजीवर आलं.

धुरपताबाईनं ताट मांडीवर घेतलं. तिची बोटं कोंबडी टिपते तशी चालू लागली. चहा निवायला लागतो तेवढ्या वेळात ताटात दोन ढिगल्या झाल्या. सविताबाईंनी विचारलं, कशावरून ओळखलं? धुरपताबाई म्हणाली, ह्याचा डोळा काळा हाय, त्याचा भुरका. मला धुरकट दिसतंय तरी दिसतंय, कुसुमच्या डोळ्याला तर पडदा हाय, ती बी काढंल. सविताबाईंनी ढिगल्या तपासल्या. एकही दाणा चुकला नव्हता.

आबासाहेब खुर्ची सोडून खाली आले. आमच्या सतरंजीच्या कडेला उकिडवे बसले आणि एक दाणा हातावर घेऊन धुरपताबाईला विचारू लागले, कुठला डोळा, दाखव बरं. मांडवाच्या मागं उभा असलेला सिद्धोधन चष्मा पुसत दोन पावलं पुढं आलेला मी बघितला. सविताबाई पाऊण घंटा बोलल्या. आबासाहेबांनी घड्याळ बघितलं नाही. पाणी किती पाळ्या, माल घेणार कोण, नापास झाला तर काय, सगळं विचारलं. बाईंना जेवढं ठाऊक होतं तेवढं त्यांनी सांगितलं. एका सवालाला माहीत नाही म्हणाल्या, विचारून कळवते. मला वाटतं आबासाहेबांना तिथंच पटलं.

मग मी पेटी उघडली. आबासाहेबांनी शाल दोन्ही हातांनी घेतली. पिंकी चहाचं ताट घेऊन आली. मी बघत उभी राहिले. त्यांनी कप उचलला, फुंकर घातली आणि सगळा प्याले.

"सुलाबाई," कप खाली ठेवत ते म्हणाले, "पंधरा तारखेच्या आत टोकण झाली पायजे. वावर दिलं."

बायांनी काय केलं ते मी सांगत नाही. मांडवाचा एक खांब पडला एवढं सांगते.

सिद्धोधन आठ दिवस माझ्या दारात आला नाही. रोज सकाळचा चहा माझ्याकडं प्यायचा, तोही बंद. गावात पोरं त्याला बघून पात लागली म्हणायची. ते माझ्या कानावर आलं तेव्हा दोघांच्या पाठीत धपाटा घातला. बोलायचं तर मी बोलेन, बाकीच्यांनी नाही.

अकरा तारखेला टोकण, एकेक दाणा हातानं मातीत लावायची, सुरू झाली. कालव्याला पाणी सुटलं होतं, सऱ्या काढून ओलवून वाफशावर आल्या होत्या. परभणीला वाळू वाहणाऱ्या सातही बाया परतल्या. कंबरेच्या ओटीत बी घेऊन बावीस बाया बांधावर उभ्या राहिल्या, धुरपताबाई सगळ्यांच्या पुढं. आबासाहेबांच्या गड्यानं नारळ फोडला. तेवढ्यात पाणंदीनं जाकीट येताना दिसलं.

सिद्धोधन आला. जवळ येऊन उभा राहिला, माझ्याकडं न बघता घसा साफ केला आणि खिशात हात घातला. म्हणाला, शुभारंभाचं कोणीतरी दोन शब्द बोलावं लागतं. कागद निघाला. सात पानं नव्हती, एकच होतं, तेही अर्धं. ते बघून मला चुलीपुढं वाचणारा सहा वर्षांचा सिद्धोधन आठवला. पण पोटातलं तोंडावर आणलं तर ती मुकादमीण कसली?

मी त्याचा दंड धरला आणि त्याला बायांपुढं उभा केला.

"बायांनो, हा सिद्धोधन. सितारामचा धाकटा भाऊ, मह्या हातचा वाढलेला. बत्तीस वर्षं लेकरं शिकवली, तोंड लय चालतंय, मातीला नवा हाय. पिंकी, तुझ्या डाव्या अंगाला कडंची पात ह्याला दे. मागं पडला तर हसू नका."

बाया हसल्या नाहीत. त्याच्या हातातला कागद मी घेऊन त्याच्याच जाकिटाच्या खिशात घातला, जाकीट काढून बाभळीच्या फांदीला अडकवलं आणि त्याच्या ओंजळीत बी ओतलं. तो त्या दाण्यांकडं बघत राहिला. मग चष्म्यावरून माझ्याकडं.

मी म्हणाले, "सिद्धोधन, तुझी ओळख झाली. आता वाक."